गावात पर्जन्यमापकच नाही, मग पाऊस किती धरायचा?

गेल्या अंकात मी एक वाक्य लिहिलं होतं, की जिथे पर्जन्यमापक नाही तिथल्या अतिवृष्टीचा अंदाज आता सॅटेलाइटवरून काढता येतो, पण घाटात तो आकडा जपून वापरा. त्या "जपून"वर इतके प्रश्न आलेत की या वेळचं पान सगळं त्यालाच देतेय. प्रश्न थोडे आटोपशीर केलेत, मजकूर तुमचाच आहे.

प्रश्न : ताई, मी पुण्यात एमएस्सी करतोय, जिऑलॉजी. 25 जुलै 2024 ला सकाळी साडेआठपर्यंतच्या 24 तासांत ताम्हिणीला 556 मिमी पाऊस झाला होता. मी प्रोजेक्टसाठी अशा दोन-तीन मोठ्या दिवसांचा सॅटेलाइटचा पाऊस काढून बघितला तर घाटमाथ्याचे आकडे प्रत्येक वेळी खूपच कमी येतायत. माझं डाउनलोड चुकतंय का?

उत्तर : डाउनलोड बरोबर असेल रे, आकडा कमीच येतो. आणि का येतो ते प्रोजेक्टमध्ये नीट लिही कारण खरा विषय तोच आहे.

सॅटेलाइट पाऊस मोजत नाही. तो वरून ढगातून येणारी उष्णता नाहीतर मायक्रोवेव्ह लहरी टिपतो आणि त्यावरून खाली पाऊस किती पडत असेल ते गणिताने काढलं जातं. आपले इन्सॅट उपग्रह 36,000 किलोमीटरवर आहेत, देशावर सतत नजर असते, थोड्या थोड्या वेळाने नवीन फोटो येतो, पण इन्फ्रारेडला दिसतो फक्त ढगाचा माथा. माथा जितका थंड तितका ढग उंच, आणि ढग उंच म्हणजे पाऊस जोरात, असा तो हिशोब. एक जुनी साधी पद्धत तर अशी आहे की माथा उणे 38 अंश सेल्सिअसच्या खाली गेला की तासाला 3 मिमी पाऊस धरायचा, बस्स. छप्पर बघून घरात माणसं किती ते सांगण्यातला प्रकार आहे हा. मे महिन्यात सोलापूरकडे वळवाचे उंचच उंच ढग चढतात त्यांना हे बऱ्यापैकी लागू पडतं.

जुलैतला ताम्हिणीचा ढग तसा नसतो. समुद्रावरचा ओला वारा सह्याद्रीला धडकून वर चढतो, तिथल्या तिथे ढग होतो आणि तिथेच रिता होतो. हे ढग बुटके, कित्येकदा बर्फ तयार व्हायच्या उंचीपर्यंत पोचतच नाहीत, थेंबाला थेंब चिकटून मोठा होतो आणि पडतो. माथा कोमट, त्यामुळे इन्फ्रारेडच्या हिशोबात तो किरकोळ पाऊस ठरतो आणि खाली मात्र रस्त्यावरून पाणी वाहत असतं. मायक्रोवेव्ह ढगाच्या आतलं बघतात हे खरं, पण जमिनीवर त्यांची वेगळीच पंचाईत आहे, म्हणजे असं की समुद्र त्यांना थंड दिसतो म्हणून त्याच्यावर पावसाचे थेंब उठून दिसतात, जमीन मात्र आधीच गरम दिसते, त्यात थेंब हरवून जातात, म्हणून जमिनीवरचा पाऊस हा ढगातल्या बर्फाने लहरी किती विखुरल्या त्यावरून ओळखायचा असतो. आता ढगात बर्फच नसेल तर ओळखणार कशावरून?

राहिलं रडार. नासा आणि जपानच्या जाक्साने फेब्रुवारी 2014 मध्ये जीपीएमचा, म्हणजे जगभरचा पाऊस टिपणाऱ्या मोहिमेचा, मुख्य उपग्रह सोडला, त्याच्यावर दोन फ्रिक्वेन्सीचं रडार आहे आणि ते ढगाचा उभा छेद घेतं, ही फार मोठी गोष्ट आहे. पण पट्टा साधारण 245 किलोमीटर रुंदीचा, त्यामुळे एखाद्या ठिकाणावरून ते कधीतरी जातं, आणि डोंगराळ भागात जमिनीवर आपटून येणारा सिग्नल इतका मोठा असतो की खालच्या किलोमीटर-दीड किलोमीटरमधला पाऊस त्यात झाकला जातो. घाटातला पाऊस वाढतो तो नेमका तिथेच.

तू बहुतेक नासाच्या आयमर्गचा डेटा घेतला असशील, त्यात हे सगळं एकत्र गुंफलेलं असतं, दर अर्ध्या तासाला आकडा, 0.1 अंशाचा चौकोन. आपल्या अक्षांशावर तो एक चौकोन शंभरावर चौरस किलोमीटरचा होतो. ताम्हिणीच्या आसपास एवढ्या जागेत घाटमाथाही येतो, कोकणात उतरणारा कडाही येतो आणि अलीकडची पावसाआडची दरीही येते. त्या सगळ्याची सरासरी म्हणजे तुझा पिक्सेल, आणि 556 हा एका नळकांड्यात पडलेला पाऊस. त्यामुळे दोन आकडे जुळत नाहीत त्यात थोडा भाग सॅटेलाइटच्या चुकीचा आणि थोडा भाग हा की दोघं वेगळ्या गोष्टी सांगतायत. ही फोड करून दाखव, गाइड खूश होतील. आणि पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची महाबळेश्वरला उंचावरची ढगांची प्रयोगशाळा आहे, तिथून आलेलं संशोधन वाच, असल्या ढगांवर आपल्याच माणसांनी केलेलं काम आहे ते.

अजून एक बघून घे. आयमर्गचा रोजचा आकडा ग्रीनिचच्या दिवसाचा असतो, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाच ते पहाटे साडेपाच. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ, आणि तारीख लावतात ती मोजल्या दिवसाची. म्हणजे खात्याचा 25 तारखेचा पाऊस बराचसा 24 तारखेला पडलेला असतो. रोजची फाइल सरळ शेजारी ठेवलीस तर पाऊसच दुसऱ्या दिवसाचा येईल. अर्ध्या तासाच्या फाइली घेऊन साडेआठ ते साडेआठ बेरीज कर.

प्रश्न : ताई नमस्कार. मी मुळशी तालुक्यात साइट इंजिनिअर आहे. वाडीच्या रस्त्याला ओढ्यावर मोरी बांधायचीय, पाणलोट तीनेक चौरस किलोमीटर. जवळचा पर्जन्यमापक डोंगराच्या पलीकडे पंधरा-सोळा किलोमीटरवर. मित्र म्हणतो सॅटेलाइटचा पंचवीस वर्षांचा डेटा फुकट मिळतो, त्यावरून 50 वर्षांचा पाऊस काढ. चालेल का?

उत्तर : चालेल, पण मित्र म्हणतो तितकं सरळ नाही दादा. तुमच्या जागेचा पिक्सेल उघडला, दरवर्षीचा सगळ्यात मोठा पाऊस काढला, एक्सेलमध्ये गंबेल (मोठ्या आकड्यांचा अंदाज काढायचं सांख्यिकी सूत्र) लावलं आणि आकडा रिपोर्टमध्ये टाकला, असं कृपा करून करू नका. वरच्या उत्तरात लिहिलंय तसा घाटात आकडा मुळात कमी, त्यात पिक्सेलची सरासरी म्हणून शेंडा अजून कापला जातो, आणि या दोन्ही गोष्टी मोरी लहान होण्याच्या बाजूला ढकलतात. वर पंचवीस वर्षांच्या डेटातून 50 वर्षांचा पाऊस काढणं म्हणजे जे बघितलंच नाही त्याचा अंदाज, तो वर-खाली कुठेही जाऊ शकतो.

मी काय करेन सांगते. आधी तुमचा ओढा बाजूला ठेवा आणि जिथे मापक आहेत अशा जागा शोधा, घाटमाथ्याच्या तुमच्याच बाजूच्या, उंची साधारण तीच असलेल्या. धरणांवर मापक असतात, महसूल मंडळांत महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत (राज्यात दोन हजारांवर आहेत, पण त्यांच्या नोंदी अलीकडच्या), आणि जुन्या नोंदींसाठी हवामान खात्याचं शिवाजीनगरचं ऑफिस आपल्या पुण्यातच आहे, रीतसर मागणी करून डेटा मिळतो. मग त्या प्रत्येक जागेचा मापक आणि त्याच जागेवरचा पिक्सेल, दोन्हींचे दरवर्षीचे कमाल आकडे शेजारी शेजारी लिहा. समजा एका जागी 24 तासांच्या वार्षिक कमाल पावसाची सरासरी मापकात 240 आणि पिक्सेलमध्ये 130 आली, तर गुणक 1.85 च्या आसपास. असे पाच-सहा जागी काढा. घाटमाथ्याचा गुणक आणि घाटाच्या अलीकडच्या पौडचा गुणक सारखे येणार नाहीत, म्हणून जो सोयीचा आहे तो न उचलता जो तुमच्या ओढ्यासारख्या जागेचा आहे तो उचला. डोंगराच्या पलीकडचा तुमचा तो पंधरा किलोमीटरवरचा मापक पावसाआड असेल तर तो जवळ असूनही कामाचा नाही, त्यापेक्षा तीस किलोमीटरवरचा पण घाटमाथ्यावरचा बरा.

सॅटेलाइटचा खरा उपयोग पुढे आहे. भोवतालचे, पावसाचा स्वभाव सारखा असलेले वीसेक पिक्सेल घ्या, प्रत्येकाचे वार्षिक कमाल आकडे त्याच्या स्वतःच्याच सरासरीने भागा. आता सगळे एकमेकांच्या पंगतीत बसतात, कारण "किती मिमी" निघून गेलं आणि "नेहमीच्या मोठ्या पावसाच्या किती पट" एवढंच उरलं, त्यामुळे सॅटेलाइटची कमी दाखवायची खोडही बरीचशी निघून जाते. या सगळ्यांवर मिळून एक सांख्यिकी वितरण बसवा (एल-मोमेंट्स वापरा, वितरण बसवायला लागणारे हे आकडे, एखादा विचित्र आकडा आला तरी ते फार हलत नाहीत) आणि 50 वर्षांची पट काढा. समजा 2.2 आली, आणि गुणक लावून दुरुस्त केलेली तुमच्या ओढ्याची सरासरी 240 धरली, तर 528 मिमी. फक्त एक लक्षात ठेवा, वीस पिक्सेल गुणिले पंचवीस वर्षं म्हणजे पाचशे वर्षांचा डेटा झाला असं अजिबात नाही, एकच मोठा पाऊस शेजारच्या दहा पिक्सेलवर एकाच दिवशी पडलेला असतो.

आता हे झालं 24 तासांचं, आणि तुमची मोरी 24 तासांच्या पावसाने भरत नाही. तीन चौरस किलोमीटरचा तीव्र उताराचा पाणलोट, वरचं पाणी खाली यायला अर्धा-पाऊण तास, म्हणजे तुम्हाला हवी तासाभराची तीव्रता. आपल्याकडे त्यासाठी हवामान खात्याचं घनमूळाचं सूत्र सर्रास लावतात, त्याने तासाचा पाऊस 24 तासांच्या साधारण 35 टक्के येतो. हे 528 वर लावलं तर तासाला 183 मिमी, जो घाटातल्या संततधारेला बहुतेक जास्तच होईल, कारण तिथला पाऊस दिवसभर विभागून पडतो. उलट पुरंदर-बारामतीकडे वळवाच्या पावसात दिवसाचा बहुतेक सगळा पाऊस तासा-दोन तासांत होऊन जातो, तिथे हेच सूत्र कमी पडू शकतं. इथे सॅटेलाइटचा अर्ध्या तासाचा डेटा खरंच मदत करतो, मोठ्या पावसाच्या दिवसांत सगळ्यात जोराच्या तासात दिवसाचा कितवा हिस्सा पडला ते काढा, मिमी चुकीचे असले तरी हिस्सा बराच विश्वासाचा असतो. मात्र पिक्सेलच्या सरासरीत तासाचा शेंडाही थोडा बोथट होतो, म्हणून येईल त्या हिश्श्यापेक्षा जरा जास्त धरा, आणि एखाद्या स्वयंचलित केंद्राच्या तासातासाच्या नोंदी मिळाल्या तर त्यांच्याशी ताडून बघा.

याने फरक केवढा पडतो ते बघा. समजा दुरुस्त करून तासाला 90 मिमी आली, अपवाह गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून येणारा हिस्सा) 0.6 धरला, तर 0.278 (हा एकक बदलायचा आकडा) गुणिले 0.6 गुणिले 90 गुणिले 3, म्हणजे सेकंदाला 45 घनमीटर. दुरुस्त न करता सॅटेलाइटचे 50 मिमीच धरले तर 25 घनमीटर. पाण्याचा वेग सेकंदाला 3 मीटर धरला तर एकीकडे 15 चौरस मीटरचं तोंड लागतं, दुसरीकडे सव्वाआठ. सव्वाआठवाली बांधली की पाणी रस्त्यावरून जाणार, भराव धुणार, आणि पलीकडची वाडी तुटणार. आजारी माणूस, दूध, शाळा सगळं त्या मोरीवरून जातं, म्हणून मी एवढी मागे लागतेय.

आणि "50 वर्षांचा पाऊस" म्हणजे पन्नास वर्षांतून एकदा येतो, आत्ताच येऊन गेला, आता निवांत, असं गावात सांगू नका. दरवर्षी 2 टक्के शक्यता एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि मोरी तीस वर्षं टिकवायची असेल तर त्या काळात तो एकदा तरी यायची शक्यता जवळपास 45 टक्के होते. शिवाय जुन्या नोंदींवरून पुढचं काढताना पाऊस बदलत नाही असं आपण गृहीत धरतो आणि ते आता तितकं खरं राहिलेलं नाही, मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 मध्ये तिपटीने वाढल्या असं आयआयटीएमच्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलंय. म्हणून एकच आकडा न देता खालचा-वरचा असा पल्ला द्या आणि मोरी वरच्या आकड्यावर काढा. केंद्रीय जल आयोगाच्या सबझोनच्या (पुराच्या हिशोबासाठी देशाचे केलेले विभाग) रिपोर्टमध्ये 25, 50 आणि 100 वर्षांच्या पावसाचे नकाशे आहेत, तुमचा आकडा त्याच्या खूप खाली आला तर कुठेतरी गडबड आहे. आणि साइटवर आहातच तर ओढ्याच्या काठावर राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन जा, पाणी कुठवर आलं होतं ते हात लावून दाखवायला सांगा, तिथून लेव्हल घ्या आणि काटछेदावरून पुराचा विसर्ग काढा. हा कुठल्याही सॅटेलाइटपेक्षा वेगळा पुरावा आहे आणि तो तुमच्याच ओढ्याचा आहे.

प्रश्न : ताई, पुरंदर तालुक्यात आमचं शेत आहे. गेल्या सप्टेंबरात रात्री असा पाऊस झाला की बांध फुटले, माती वाहून गेली. महसूल मंडळाच्या ठिकाणी नोंद 41 मिमी. अतिवृष्टी धरायला 65 लागतात म्हणून आमचं नाव यादीत नाही. सॅटेलाइटचा आकडा पुरावा म्हणून देता येईल का?

उत्तर : दादा, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं असू शकतं आणि तरी मंडळाची 41 ची नोंदही खरी असू शकते. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 944 मिमी पडला आणि पंचवीसेक किलोमीटरवर कुलाब्याला फक्त 74. वळवाचा, परतीचा पाऊस तर याहून लहान पट्ट्यात पडतो. जगभरातल्या ज्या पर्जन्यमापकांच्या नोंदी मिळतात त्या सगळ्यांची तोंडं एकत्र मांडली तर अर्धं फुटबॉलचं मैदानसुद्धा भरत नाही असा हिशोब शास्त्रज्ञांनी केलाय, तिथे एका मंडळाला एक मापक म्हणजे तुमच्या शिवारावरचा ढग चुकणारच.

पण सॅटेलाइटचा आकडा 65 च्या ऐवजी दाखवून उपयोग होणार नाही, तो शंभरावर चौरस किलोमीटरचा सरासरी आकडा आहे, बहुतेक 41 पेक्षाही कमी येईल आणि तुमच्यावरच उलटेल. त्याचा उपयोग दुसऱ्या कामाला करा. त्या रात्री कोणत्या वेळी ढग तुमच्या शिवारावर होता, मंडळाच्या ठिकाणी तो होता का बाजूने गेला, हे इन्सॅटच्या फोटोंवरून दिसतं, इस्रोच्या मॉसडॅक या वेबसाइटवर ते बघायला मिळतात, तालुक्यातल्या एखाद्या इंजिनिअरिंगच्या पोराला सांगितलं तर तो काढून देईल. अर्जाला ते चित्र जोडा, सोबत फुटलेल्या बांधाचे तारीख-वेळ असलेले फोटो, शेजारच्या दोन-चार शेतकऱ्यांच्या सह्या. आणि पाऊस पहाटे सुरू होऊन सकाळी नऊ-दहापर्यंत चालला होता का तेही आठवा. तसं असेल तर साडेआठला तो दोन दिवसांत तुटला असणार, एका दिवशी 41 आणि दुसऱ्या दिवशी उरलेला. दोन्ही दिवसांच्या आणि जमल्यास तासातासाच्या नोंदी मागून घ्या.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मंडळाचा एक आकडा सगळ्या गावांना लावणं हा अन्याय आहे. मापक वाढवले पाहिजेत, गावागणिक एक हवा, आणि तोवर रडार, सॅटेलाइट आणि प्रत्यक्ष पाहणी एकत्र धरून निर्णय व्हायला हवा.

प्रश्न : ताई, आम्ही वेल्ह्याकडे शाळेत शिकवतो. मुलांकडून पाऊस मोजून घ्यायचाय. घरचा पर्जन्यमापक चालेल का? सॅटेलाइटवाल्यांना उपयोग होईल का?

उत्तर : मॅडम, नक्की करा, अशा नोंदी सलग काही वर्षांच्या झाल्या की वरचा तो गुणक काढायला याच उपयोगी पडतात, कारण तुमच्या बाजूला मापक विरळ आहेत.

10 सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं आणि 5 लिटरचा कॅन घ्या. नरसाळ्याचं तोंड साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर होतं, म्हणजे 1 मिमी पाऊस पडला की जवळपास 7.9 मिलिलिटर पाणी जमतं. मोजपात्राने पाणी मोजायचं, 7.85 ने भागायचं, झाले मिमी. मोठं नरसाळं घ्यायचा मोह होतो पण तुमच्याकडे 500 मिमीचा दिवस येऊ शकतो, 20 सेंटिमीटरच्या नरसाळ्याने तेवढ्यात पंधरा लिटरच्या वर पाणी होईल आणि ज्या दिवसाची नोंद सगळ्यात मोलाची त्याच दिवशी कॅन ओसंडून जाईल. दहाच्या नरसाळ्याला चार लिटरच्या आत भागतं. तोंड अगदी आडवं हवं, कॅन वाऱ्याने हलता कामा नये, झाड किंवा भिंत जेवढी उंच असेल तिच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा. पत्र्याच्या कडेला ठेवू नका, पागोळ्यांचं पाणी शिरतं.

रोज सकाळी साडेआठला मोजा, रविवारी आणि सुट्टीतसुद्धा, त्यासाठी जवळ राहणाऱ्या मुलांच्या पाळ्या लावा. पाऊस नसेल तर शून्य लिहा, जागा कोरी सोडू नका, कोरी जागा म्हणजे मोजलं नाही की पडला नाही ते नंतर कुणालाच कळत नाही. जोराचा पाऊस चालू असेल तर मध्येच एकदा मोजून कॅन रिकामा केला तरी चालेल, फक्त वेळ लिहून ठेवा आणि साडेआठच्या आकड्यात ते मिळवा.